वारा कोणी अंगावर घ्यायचा?

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्याच्या रस्त्यांवरून ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. चार टप्पे, एकंदर सुमारे ४३७ किलोमीटरांचे अंतर आणि देशोदेशींचे दीडशेहून अधिक सायकलपटू असा तिचा पसारा होता. रस्त्याच्या कडेला ताटकळत उभ्या राहिलेल्या प्रेक्षकांच्या वाट्याला मात्र तिचे दर्शन आले ते क्षणमात्र. एक रंगीबेरंगी घोळका सपकन आला आणि डोळ्यांची पापणी लवते न लवते तोच वळणाआड गेला. व्यक्ती म्हणून कोणी दिसलेच नाही, दिसला तो थवा. ‘शर्यत आहे तर मग हे सगळे एकमेकांना चिकटून का जातात? ज्याच्या पायांत बळ आहे त्याने सरळ पुढे निघून का जाऊ नये?’ हा प्रश्न त्या गर्दीतील अनेकांच्या मनात आला असेल. प्रश्न वरवर खेळाचा असला तरी त्याचे उत्तर खेळापुरते नाही, आणि बीडसारख्या जिल्ह्याने तर त्याचा विचार अवश्य करावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरांच्या वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक शक्ती खर्च होते ती जमिनीशी झगडण्यात नव्हे, तर हवेशी झगडण्यात. चाकांचे घर्षण, साखळीची कुरकुर हे सारे मिळून जेमतेम पाव हिस्सा, उरलेला पाऊण हिस्सा हवेचा. शिवाय हवेचे गणित मोठे जाचक आहे. वेग दुप्पट करायचा तर हवा तोडण्यासाठी लागणारी शक्ती दुपटीने नव्हे, आठ पटींनी वाढते. अशा वेळी दुसऱ्याच्या चाकामागे हातभर अंतर राखून जो चालतो त्याला पुढच्याने फोडलेल्या हवेचा आडोसा मिळतो आणि त्याचे श्रम एक चतुर्थांशापासून एक तृतीयांशापर्यंत, कधी त्याहूनही अधिक वाचतात. २०१८ मध्ये नेदरलँड्समधील आइंडहोव्हन विद्यापीठातील बर्ट ब्लोकेन यांनी १२१ सायकलपटूंच्या थव्याचा वातबोगद्यात आणि संगणकावर अभ्यास केला. थव्याच्या पोटात, मागील बाजूस असलेल्या स्वाराला हवेचा जो रोध सोसावा लागतो तो एकट्याने जाणाऱ्याच्या तुलनेत अवघा पाच ते दहा टक्के असतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे असणारालाही मागच्याचा थोडासा फायदा होतो, कारण त्याच्या पाठीशी हवेची जी पोकळी त्याला मागे ओढते, ती मागचा स्वार काही अंशी भरून काढतो. हा लाभ दोन-तीन टक्क्यांहून अधिक नसतो, हे खरे. परंतु जो वारा फोडतो त्याला काहीच मिळत नाही, ही समजूत चुकीची आहे.

म्हणजे हिशेब सरळ आहे. कोणीतरी एकाने पुढे राहून वारा अंगावर घ्यावा लागतो. तो सतत एकानेच घेतला तर तो अर्ध्या तासात गळून पडेल आणि मग सर्वांचाच वेग मंदावेल. म्हणून पाळी. दोन-चार मिनिटे पुढे राहायचे, मग किंचित बाजूला सरून रांग पुढे जाऊ द्यायची आणि शेपटाशी जाऊन विसावायचे. ही व्यवस्था कोणत्याही नियमपुस्तिकेने लादलेली नाही. शर्यतीत तर ती परस्परांचे प्रतिस्पर्धीही पाळतात. थव्यातून निसटून पुढे गेलेले चार जण चार वेगवेगळ्या संघांचे असतात, अखेरच्या किलोमीटरात एकमेकांवर मात करण्यासाठीच ते जिवाचे रान करणार असतात, आणि तरीही तोवर चौघेही इमानाने आपापली पाळी घेतात. कारण जो पाळी चुकवतो त्याला उरलेले तिघे ओळखतात आणि पुढच्या शर्यतीत त्याच्यासाठी कोणी वारा फोडत नाही.

याची दुसरी, अप्रिय बाजूही सांगितली पाहिजे. १९०३ मध्ये ‘टूर दी फ्रान्स’ सुरू करणारे आंरी देग्रांज यांना हे परस्परांना आडोसा देणे मुळीच पसंत नव्हते. शर्यत हा एकट्याच्या मनगटाचा, खरे म्हणजे एकट्याच्या मांड्यांचा, कस असला पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. १९११ मध्ये मोरिस ब्रोको नावाच्या सायकलपटूने दुसऱ्यासाठी आपले श्रम खर्ची घातले, तेव्हा देग्रांज यांनी त्याची ‘दोमेस्तिक’ म्हणजे घरगडी अशी संभावना केली. शिवी म्हणून आलेला हा शब्द पुढे त्या खेळात चक्क हुद्दा झाला! आज प्रत्येक मोठ्या संघात नायकासाठी वारा झेलणारे, मागे जाऊन पाण्याच्या बाटल्या आणणारे आणि प्रसंगी स्वतःचे चाक काढून देणारे पगारी ‘घरगडी’ असतात. त्यांनी दिवसभर वारा खायचा आणि पिवळी बंडी दुसऱ्याने मिरवायची. तेव्हा सायकलींचा थवा म्हणजे समतेचे आदर्श राज्य, असे चित्र कोणी रंगवू लागल्यास त्यावर एकदम विश्वास ठेवू नये. पाळी वाटून घेणारा थवा आणि पाळी एकाच्याच माथी मारणारा थवा लांबून सारखेच दिसतात.

बीड जिल्ह्याला हा भेद नव्याने शिकवण्याची आवश्यकता नाही. दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, दहा-वीस कोयत्यांची एक टोळी, टोळीवर मुकादम आणि मुकादमाच्या खांद्यावर कारखान्याची उचल. टायरगाड्यांची माळ रस्त्याने चालते तेव्हा सर्व बैल एका चालीत असतात. त्या चालीत तालही असतो आणि शिस्तही असते, मात्र चाल ठरवण्याचा अधिकार गाडीवानाकडे नसतो. तो उचलीच्या वहीत बांधलेला असतो. जिल्ह्याची अर्धी-अधिक ताकद अशी दुसऱ्यासाठी वारा फोडण्यात खर्ची पडते आणि पिवळी बंडी, म्हणजे साखर, दुसऱ्या जिल्ह्यात तयार होते.

उलट बाजूस चाल वाटून घेण्याचा जो खरा वारसा आहे, तोही याच मातीतला आहे. आषाढीच्या आधी मुक्ताईची पालखी गेवराई-बीडवरून जाते, पैठणहून निघालेली नाथांची पालखी शिरूर, पाटोद्याच्या बाजूने उतरते, शेगावची गजानन महाराजांची पालखी परळी, अंबाजोगाईला मुक्काम करते. दिंडीत कोणी पळत नाही आणि कोणी मागे टाकला जात नाही. विणेकरी पाळीपाळीने वीणा घेतात. चोपदाराचा दंड वर गेला की सारे थांबतात. एका दिवसात वीस-पंचवीस किलोमीटर चालणाऱ्या सत्तर वर्षांच्या म्हातारीला ते बळ एकटीच्या पायांत नसते, दिंडीच्या चालीत असते. नाशिक, पुणे आणि अन्य अनेक गावांचे सायकलपटू अलीकडच्या वर्षांत सायकलवर पंढरीची वारी करतात आणि तेथे सायकलींचे रिंगणही धरतात, यात आश्चर्य ते काय? सायकलींच्या थव्याला मराठी माणसाने दिंडीचे रूप द्यावे, हे स्वाभाविकच आहे.

परंतु आपल्याकडे शासकीय पातळीवर सायकलींचा समूह म्हटला की डोळ्यांसमोर येते ती ‘रॅली’. तीन जून हा संयुक्त राष्ट्रांनी २०१८ पासून जागतिक सायकल दिन ठरवला आहे. डिसेंबर २०२४ पासून केंद्र शासनाने रविवारी सायकल चालवण्याची मोहीमही हाती घेतली आहे. उपक्रम वाईट नाहीत. मात्र त्यांचे ठरलेले स्वरूप पाहावे. क्रीडासंकुलावर सकाळी सात वाजता सायकली जमतात, साडेसातच्या कार्यक्रमाला पाहुणे साडेआठला येतात, हिरवा झेंडा दाखवला जातो, छायाचित्र निघते, आणि मुख्य चौकापर्यंतचे दोन किलोमीटर पार पडल्यावर ज्या गाडीतून सायकल आली त्याच गाडीतून ती परत जाते. यात वारा नसतो, पाळी नसते आणि पोचायचेही कोठे नसते. रॅली हा समूह नव्हे, तो जमाव होय. समूहाला गाठायचे ठिकाण असते आणि त्यातला अशक्त कोण हे त्याला ठाऊक असते.

मराठी माणसाने केलेली या बाबतीतली सर्वांत मोठी कृती चाळीस वर्षांपूर्वीची आहे. डिसेंबर १९८५ मध्ये बाबा आमट्यांची ‘भारत जोडो’ यात्रा कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाली. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर होते. पाठीच्या कण्याच्या आजारामुळे ज्यांना बसणेच शक्य नव्हते, केवळ उभे राहता किंवा आडवे होता येत असे, ते सत्तरी ओलांडलेले बाबा गाडीतील बिछान्यावरून त्यांच्याबरोबर होते. पाच हजार किलोमीटरांच्या घरातील अंतर त्यांनी काही महिन्यांत तोडले. १९८८-८९ मध्ये दुसरी यात्रा अरुणाचलातील इटानगरपासून गुजरातेतील ओख्यापर्यंत गेली. पंजाब धुमसत होता, १९८४ च्या दिल्लीतील हत्याकांडाच्या जखमा ओल्या होत्या. त्या काळात निरनिराळ्या प्रांतांची, भाषांची आणि धर्मांची मुले एका रांगेत, एका वेगाने, रोज ठरलेल्या गावी मुक्कामाला पोचत होती. या यात्रेने देशातील दंगे थांबले काय? नाही थांबले. पुढची दहा वर्षे काय घडले हे वाचकांना ठाऊक आहे. तथापि, बाबांनी पदयात्रा, मोटारयात्रा, रेल्वेयात्रा यांतले काही न निवडता सायकल निवडली, हे मार्मिक होते. मोटारीत एक चालवतो आणि बाकीचे बसतात. पायी चालताना बलवान पुढे गेला तरी मागच्याचे फारसे बिघडत नाही. सायकलींच्या रांगेत मात्र पुढच्याने ब्रेक दाबला की दहाव्या स्वाराचे कोपर फुटते. परस्परावलंबन तेथे व्याख्यानातून सांगावे लागत नाही.

आज बीडमध्ये हा विषय काढण्याचे कारण यातच आहे. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी बीड आणि माजलगाव येथे घरे व कार्यालये पेटवली गेली. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची निर्घृण हत्या झाली आणि तपास यंत्रणांनी तिचा संबंध पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी जोडला. त्यानंतर गावोगावी जी दरी पडली ती इतकी रुंद की, २०२५ मध्ये जिल्ह्याच्या पोलीस दलाने कर्मचाऱ्यांच्या छातीवरील पट्टीवरून आडनाव काढून केवळ नाव ठेवण्याचा निर्णय घेतला. आडनाव वाचले की माणूस कोणत्या बाजूचा हे ठरते, म्हणून आडनावच पुसायचे! उपाय कल्पक खरा, पण ज्या समाजावर तो योजावा लागला त्या समाजाच्या प्रकृतीबद्दल तो पुरेसे बोलून जातो. सायकल चालवल्याने जात जाते, असला भाबडा दावा कोणी करणार नाही. ज्या गावात हॉटेलातले बाकही वाटले गेले आहेत, तेथे माणसे एकत्र आणण्यासाठी सभा, शांतता समिती, स्नेहमेळावे ही साधने मात्र झिजून गेली आहेत, एवढे तरी मान्य करावे लागेल. त्यांत माणसे समोरासमोर बसतात आणि बोलतात, आणि बोलण्यासारखे तर आता काही उरलेले नाही. कोठेतरी मिळून जाण्याचे काम असेल तर बोलण्याची आवश्यकता निदान कमी पडते.

असे काम जिल्ह्यात आधीपासूनच रोज चालू आहे, आणि ते क्रीडासंकुलात नव्हे तर शाळेच्या रस्त्यावर. मागास तालुक्यांसाठी असलेल्या राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना, शाळा गावाबाहेर पण पाच किलोमीटरांच्या आत असल्यास, सायकल घेण्यासाठी पाच हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. वाडी-तांड्यावरच्या मुली सकाळी फाट्यावर एकमेकींची वाट पाहतात आणि चौघी-सहाजणी मिळून निघतात. यामागे हवेचे गणित नाही. यामागे आईबापांचे गणित आहे. ‘ती एकटी जाणार असेल तर नको, सगळ्या मिळून जाणार असतील तर जाऊ दे.’ घराघरांतील हा अलिखित कायदा आहे. शासनाने दिली ती सायकल, परंतु मुलीला शाळेत पोचवतो तो जथ्था. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली देण्यात आल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांच्या पाहणीत तेथील माध्यमिक शाळांमधील मुलींची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलगे-मुलींमधील तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचे आढळले, आणि जेथे शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर होती तेथे हा परिणाम विशेष दिसला. तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या, तेव्हा टवाळी करणारे पुरुष गप्प झाले ते एकेका बाईच्या धैर्याने नव्हे. शेकडो जणी एकदम रस्त्यावर आल्यामुळे ते गप्प झाले.

बीडला याची निकड किती आहे हे एका आकड्यावरून कळावे. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार जिल्ह्यातील वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झालेले होते. राज्यातील अगदी वरच्या क्रमांकाच्या आकड्यांपैकी हा एक होय. आई-बाप कोयत्याला गेलेले, मुलगी आजीजवळ, शाळा चार किलोमीटरांवर. अशा घरात ‘पोरीची जबाबदारी नको’ या एका वाक्यावर लग्न ठरते. ऑक्टोबर २०२१ पासून पाच-सहा महिने एस.टी.चा संप चालला तेव्हा या प्रश्नाची धार अधिक जाणवली. मोफत पास हातात होते, गाडी मात्र येत नव्हती. ज्या वाडीवर सायकलींचा जथ्था होता तेथल्या मुलींचे पाय त्या काळात तरी थांबले नाहीत.

आता वाऱ्याकडे वळू. ‘शर्यतीतले हवेचे गणित ताशी बारा-पंधरा किलोमीटरांनी जाणाऱ्या शाळकरी मुलीला काय कामाचे?’ असा आक्षेप कोणी घेईल, आणि वारा पडलेला असताना तो बरोबरही आहे. इतक्या वेगात आडोशाचा लाभ थोडाच. चढावर तर तो जवळजवळ नाहीसाच होतो. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढताना पुढचा काय आणि मागचा काय, प्रत्येकाला आपले वजन आपणच वर न्यावे लागते. परंतु घाट संपला की बालाघाटाचे पठार लागते आणि मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे, म्हणजे पश्चिमेला, तोंड केले की पठारावरच्या वाऱ्याशी गाठ पडते. पवनचक्क्या या भागात उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा जेव्हा ताशी वीस-पंचवीस किलोमीटरांनी समोरून येतो, तेव्हा पंधराच्या वेगाने जाणाऱ्या मुलीचे शरीर पस्तीस-चाळीस किलोमीटरांचा वारा सोसत असते. तेव्हा शर्यतपटूचे गणित जसेच्या तसे तिला लागू होते, आणि शाळाही नेमक्या जूनमध्येच उघडतात. त्या दिवसांत मुली शेजारी-शेजारी गप्पा मारत न जाता एकीमागे एक लागल्या आणि दर वीजखांबांच्या ठरावीक संख्येनंतर पुढची बदलली, तर सर्वांत लहान मुलगी मागे पडत नाही. वारा तिरका असेल तर रांगही तिरकी लावावी लागते. मात्र अरुंद रस्त्यावर तसे करणे धोक्याचे, तेथे सरळ ओळच बरी.

ही कला शिकवावी लागते, आपोआप येत नाही. नवख्यांकडून हटकून होणारी चूक एकच असते. पाळी आली की पुढे आलेला गडी जोर दाखवतो. मागच्याने इतका वेळ आडोशाला राहून शक्ती साठवलेली असते, ती पुढे येताच तो उधळतो आणि रांग तुटते. पाळी बदलावी, चाल बदलू नये, हे या कलेतले पहिले सूत्र. (बदलून आलेला प्रत्येक अधिकारी पहिल्या पंधरवड्यात जिल्ह्याची चाल बदलून टाकतो आणि सहा-आठ महिन्यांत स्वतःच बदलून जातो, त्यांच्या प्रशिक्षणात हा धडा घालण्यास हरकत नसावी.) दुसरे सूत्र असे की, बलवानाने अधिक वेगाने जायचे नसते, अधिक वेळ पुढे राहायचे असते. अशक्ताला मधे ठेवायचे आणि त्याची पाळी माफ करायची, त्यात त्याचा अपमान मानायचा नाही. तिसरे, पुढे किंचित वेग कमी झाला तरी शेपटाशी त्याचा मोठा धक्का बसतो आणि मग शेवटच्यांना जीव तोडून अंतर भरून काढावे लागते. म्हणून रांग आठ-दहांहून लांब नको, त्याहून अधिक जण असतील तर दोन जथ्थे करावेत आणि मधे वाहनांना जागा सोडावी. खड्डा दिसला की हाताने दाखवावा, थांबण्यापूर्वी ओरडावे. शिकवण्यास एक तासिका पुरेल, सरावाला एक आठवडा.

यावर रस्त्याचा मुद्दा उपस्थित होणारच, आणि तो सर्वांत गंभीर आहे. जानेवारी २०२५ मध्ये बीड-परळी मार्गावर घोडका राजुरीजवळ पोलीस भरतीच्या तयारीसाठी पहाटे धावणाऱ्या मुलांना एस.टी. बसने चिरडले. पाच जण होते, तिघे गेले. तेही समूहानेच चालले होते. समूह हे सर्व ठिकाणी कवच असते असे मानणे किती महागात पडू शकते, हे त्या पहाटेने दाखवले आहे. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत साडेचार हजारांवर सायकलस्वार होते. आपल्याकडे धुळे-सोलापूर महामार्ग चौपदरी झाला, गढीपासून माजलगावकडे जाणारा रस्ता रुंद झाला. वाहनांचा वेग वाढला, पण कडेने सायकलीला जी हातभर पट्टी हवी ती मातीत, काटेरी बाभळीत आणि हॉटेलांपुढे उभ्या राहिलेल्या ट्रकांत हरवली. हंगामात त्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या उसाच्या ट्रॅक्टरांची भर पडते. मागे ना लाल दिवा, ना चमकपट्टी. संध्याकाळी सहानंतर अशा ट्रॅक्टरामागे जाणारी सायकल आणि सायकलीमागे येणारी मोटार, यांच्यात अपघात होत नाही तोवर दैवाची कृपाच म्हणायची. एके काळी नगरपालिका सायकलीला कर लावून पितळी बिल्ला देत असे आणि बिनदिव्याच्या सायकलीला पोलीस अडवत असे. तो कर गेला, बिल्ला गेला, पोलिसाचे ते लक्षही गेले. त्या काळाबद्दल हळहळण्यात अर्थ नाही, परंतु सायकल हे वाहन आहे आणि रस्त्यावर तिची जागा आहे, हे त्या बिल्ल्याने मान्य केलेले होते.

तेव्हा करावयाच्या गोष्टी मोठ्या खर्चाच्या नाहीत. ज्या माध्यमिक शाळेत वीसांहून अधिक मुली सायकलीने येतात तिच्याकडे येणाऱ्या रस्त्याची पाच किलोमीटरांपर्यंतची कड बांधकाम विभागाने पावसाळ्यापूर्वी साफ करावी. साखर कारखान्यांच्या ट्रॉल्यांना चमकपट्टी नसेल तर वजनकाट्यावरच त्यांना अडवावे. काटा हे एकमेव ठिकाण असे आहे की जेथून प्रत्येक ट्रॉलीला जावेच लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये अनेक दशकांच्या प्रतीक्षेनंतर अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे आली. त्या स्थानकापुढे मोटारींप्रमाणे सायकलींसाठीही बंदिस्त जागा ठेवावी. सायकल दिनाच्या रॅलीचा खर्च त्या वर्षापुरता पंप, पंक्चरची पेटी आणि मागचे दिवे यांवर करावा आणि ते साहित्य शाळेच्या शिपायाच्या खोलीत ठेवावे.

आणखी एक गोष्ट शिक्षकांच्या हातची आहे. तिला शासननिर्णयही लागत नाही. शाळा उघडताच वाडीवार जथ्थ्यांची यादी करावी: कोणत्या फाट्यावरून किती जणी निघतात, पुढे कोण, शेवटी कोण, पंप कोणाजवळ. मराठा, वंजारी, धनगर, दलित, मुस्लिम अशा वस्त्यांच्या मुली एकाच रस्त्याने येत असतील तर त्यांचा जथ्थाही एकच ठेवावा, कारण तसेही फाटा एकच असतो आणि वारा सर्वांना समोरूनच येतो. दिवाळीनंतर या जथ्थ्यांतील एखादी सायकल येईनाशी होते. ती मुलगी कोयत्याबरोबर गेली, की तिचे लग्न ठरले, की नुसतेच चाक मोडले, याची नोंद आज हजेरीपटात ‘गैरहजर’ या एकाच शब्दाने होते आणि खरे कारण कळेपर्यंत फाल्गुन उजाडतो. यादी असेल तर पहिल्याच सोमवारी, प्रार्थनेच्या आधी, मुलींनाच विचारता येईल की आज फाट्यावर कोण आली नव्हती.